दोन्ही लिही

किशोरच्या आईला कुणी रडताना पाहिलं नाही, यावर आमच्या मुलुंडच्या चाळीत वर्षभर चर्चा चालली. किशोरने वडिलांच्या डोक्यात पाना घातला त्या दुपारीही ती पोलीस येईपर्यंत दारात उभी होती. विचारलं तेवढं सांगत होती.

किशोर मरोळच्या कारखान्यात फिटर होता. सव्वीस वर्षांचा, अबोल. बाबा आपल्या चहात विष कालवतात असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. तिने त्याला आधी देवऋष्याकडे नेलं, मग डॉक्टरकडे. गोळ्यांनी बरं वाटलं, म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. पुढे कोर्टाने त्याला शिक्षा न देता मनोरुग्णांच्या सरकारी इस्पितळात, कैद्यांच्या वॉर्डात ठेवलं.

मी शेजारच्या खोलीत राहायचे आणि एका कचेरीत टायपिस्ट होते, म्हणून अर्ज लिहून घ्यायला ती माझ्याकडे येई. भेटीच्या पहिल्या अर्जावर ‘रुग्णाशी नातं’ विचारलं होतं. मी ‘आई’ लिहिलं. खाली ‘मयताशी नातं’ होतं. माझं पेन थांबलं.

“बायको,” ती म्हणाली. “दोन्ही लिही गो. दोन्ही खरं आहे.”

दर गुरुवारी ती डब्यात घावणे घेऊन जाई. एकदा मी सोबत गेले. फाटकावरच्या शिपायाने घावणे उलगडून पाहिले, चटणीत बोट घातलं. मला संताप आला. ती म्हणाली, “बघा, नीट बघा. तुमचं काम आहे.”

जाळीपलीकडे किशोर बसला होता. डोकं भादरलेलं, हात थरथरत होते. तिने डबा शिपायाकरवी आत दिला. दोन घास खाऊन त्याने विचारलं, “आई, बाबांना मीच मारलं ना?”

“हो.”

“मग तू कशाला येतेस?”

“तू जेव आधी.”

तो जेवला. ती बघत राहिली. परतताना मी न राहवून विचारलं, “काकू, तुम्हाला त्याचा राग नाही येत?”

“यायचा. मग त्यांची आठवण यायची, मग याची काळजी. तिन्ही एकदम कसं गो करणार माणूस? आता काहीच येत नाय. गुरुवार आला की जायचं.”

पाच-सहा वर्षांनी डॉक्टर म्हणाले, तो निवळलाय, जबाबदारी घेणारं कुणी असेल तर घरी सोडता येईल. तो अर्जही मीच टाइप केला. त्याच आठवड्यात चाळीने एक कागद फिरवला: किशोरला इथे आणू नये. तिची खोली सोडून चव्वेचाळीस खोल्या, साऱ्यांच्या सह्या. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. मीही सही केली.

तिला ते कळलं. महिन्याभरात तिने खोली विकली आणि चेंबूरला भावाच्या घरामागच्या पडवीत जागा घेतली. निघताना माझ्या दाराशी आली. मी काहीतरी बोलायला लागले, तर तिने हात वर केला. “तुझी पोरगी लहान आहे. मी तुझ्या जागी असते तर मीपण केली असती.” एवढंच. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दोनेक वर्षांनी चेंबूरच्या मंडईत ती दिसली. सोबत किशोर. अंगाने सुटलेला, केस पिकू लागलेले. ती भेंडी निवडत होती, तो पिशवी उघडी धरून उभा होता.

“ओळखलंस का रे? मुलुंडच्या वहिनी.”

त्याने पिशवी खाली ठेवून मला नमस्कार केला. त्याचे हात आता थरथरत नव्हते. माझी मुलगी माझ्याजवळ होती. मी नकळत तिला मागे ओढलं. किशोरच्या आईने ते पाहिलं आणि भाजीवाल्याकडे वळून म्हणाली, “अर्धा किलो दे. कोवळी बघून.”

मी त्यांना घरी या म्हटलं नाही.