भडकासाहेबांचा शनिवार

आमच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आग हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. चहूकडे कापूस, रुई आणि सरकी, ठिणगी पडायचाच काय तो अवकाश. आणि त्याच जिनाच्या मॅनेजरला बाया ‘भडकासाहेब’ म्हणत, तेही तोंडावर. सकाळी फाटकातून आत आले की आधी त्यांचा आवाज सुरू व्हायचा, मग इंजिनाचा. सरकी काढणाऱ्या यंत्रांवरच्या, म्हणजे रेच्यांवरच्या बाया, इंजिनवाला, वजनकाट्यावर बसलेला मी, कोणी सुटत नसे. कोणीच सापडलं नाही तर फाटकाशी पडलेल्या कुत्र्याला बोलणी बसत.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. वाशिम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्याचेच. जिन कारंज्याच्या रस्त्यावर होता आणि मी कामरगावहून सायकलने जायचो. छप्पन साली माझ्या वडिलांनी बुद्धाचा धम्म घेतला होता आणि आमच्या घरात पगारावर लागलेला पहिला मी. रेच्यांवर अर्ध्याअधिक बाया आमच्याच वस्तीतल्या. आधीचा मॅनेजर त्यांना ‘ए’ म्हणून हाक मारी आणि पाणी वरून ओंजळीत ओती. भडकासाहेबांनी पहिल्याच दिवशी तो वरून ओतायचा गडू उचलून विहिरीत टाकला आणि सगळ्यांसाठी एक रांजण ठेवला. त्यावर भाषण वगैरे काही केलं नाही. रांजण भरायला उशीर झाला म्हणून मात्र सगळ्यांना सारखंच झापलं. आम्हाला शिव्या नवीन नव्हत्या. दुष्काळाने जिनात आणलेल्या पाटलाच्या सुनेला आणि आमच्या अंजनाबाईला एकाच मापाच्या शिव्या मिळतात, हे नवीन होतं.

रिठदचा हा माणूस. मालकाशी पुस्तकी बोले आणि आमच्याशी वऱ्हाडी. कोणाला किती पोरं, त्यांची नावं काय, हे त्यांच्या कधी लक्षात राहिलं नाही. माझ्या धाकट्या भावाला ते शेवटपर्यंत माझा मुलगा समजत होते आणि माझं तर तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. पण कोणत्या बाईचा हात कोणत्या रेच्यावर बसलाय, कोणाला दुपारनंतर चक्कर येते, कोण खोकला दाबून काम करतेय, हे त्यांना बरोबर दिसे. दिसलं की ते ओरडत. “मरून राह्यली का काय तू? जाय, रांजनापाशी बैस जरा!” ही त्यांची विचारपूस.

जिनात इंजिनावर चालणारा एक लांब दांडा शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गरगरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे एकेका रेच्याला फिरवायचे. पट्ट्यांना जाळी नव्हती. पट्टा सैल झाला की आधी फडफडतो, मग उसळतो, आणि जवळ कोणाचा पदर असेल तर तो धरतो. भडकासाहेबांनी एक नियम घातला होता: पट्टा फडफडताना दिसला की जिला दिसेल तिने साहेबांच्या नावानं बोंबलायचं. ‘साहेब, पट्टा!’ अशी हाक आली की ते इंजिन बंद करायला धावत आणि मग सगळ्या जगाला शिव्या देत. इंजिनवाल्याला, पट्टा शिवणाऱ्याला, मालकाला, स्वतःला. जिने हाक मारली तिला मात्र कधी नाही. हाक खोटी निघाली तरी नाही.

आणि शनिवार. शनिवारी आठवडी बाजार, म्हणून हप्त्याचा पगारही शनिवारीच. पगार वाटायच्या आधी ते इंजिन थांबवत, रुईच्या गठाणीवर चढून बसत आणि म्हणत, “हप्ताभर मी बोल्लो. आता तुमी बोला.” सुरुवातीला बाया नुसत्या पदरात हसायच्या. मग एकदा अंजनाबाई उभी राहिली. काळीसावळी, उंच बाई, नवरा गेलेला, दोन पोरं पदरात.

“बुधवारी तुमी मले उगाच बोल्ले साहेब. रेचा माह्यामुळं नाई अडला, कापसात गोटा आला होता.”

“मंग तवाच काहून नाई सांगतलं?”

“तुमी बोलू देता कवा?”

सगळा जिन हसला. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “चुकलं माहं.” त्या दिवसापासून शनिवारचा शिमगा सुरू झाला. बाया वाट्टेल ते बोलत. जे होण्यासारखं असे ते सोमवारी होई. जे होण्यासारखं नसे त्यावर ते गोड शब्दांचा मुलामा चढवत नसत. “जाळी मालक देत नाई. म्या मागतली, मले हाकललं. पुन्ना मागतो.” एवढंच सांगत. ते आम्हाला पटायचं, कारण खरं असायचं.

पुढे मी सरकारी नोकरीत लागलो. तिथे एकदा साहेबलोकांचं शिबिर भरलं होतं आणि खुर्च्या मांडायला माझी नेमणूक होती. हाताखालच्या लोकांशी आपुलकीचं नातं कसं जोडावं, असा विषय. कर्मचाऱ्याच्या मुलांची नावं पाठ करा, वाढदिवसाला फूल द्या, बोलताना चेहरा हसरा ठेवा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अरे, फूल कसलं देता? त्यानं तुम्हाला चारचौघांत चूक म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी टिकते का, एवढं सांगा. बाकी सगळा बाजार आहे.

हे मी एवढ्या रागाने का लिहितोय, ते आता सांगतो.

एका शनिवारी मालक अमरावतीहून मोटारीने आले. शिमगा ऐन रंगात होता. ते दारात उभे राहून ऐकत राहिले, मग हसत हसत पुढे आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात रुमाल. “वा, वा! मलाही सांगा की. मी काय परका आहे? आपण सगळे एक कुटुंबच.” भडकासाहेब घाईघाईने गठाणीवरून उतरले आणि पगाराची थैली उघडायला लागले. पण अंजनाबाई उठली होती. दोन वर्षं ती अशा माणसाजवळ काम करत होती, जो बोल म्हणाला की त्याचा अर्थ बोल असाच असे. मोठ्या माणसाचं ‘बोला’ हे बोलण्यासाठी नसतं, हे आमच्या आया-आज्यांना जन्मापासून ठाऊक होतं. ते ती विसरली.

“मालक, पट्ट्यायले जाळी लावा,” ती म्हणाली. “साहेब मागून मागून थकले. तुमच्या घरची बाई इथं बसली असती त लावली असती का नाई?”

मालक हसले. हात जोडले. “बघू, बघू,” म्हणाले आणि मोटारीत बसून गेले. बायांना वाटलं, जाळी आलीच.

सोमवारी मालक पुन्हा आले. माझा काटा ऑफिसच्या भिंतीला लागून होता, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

“ती बाई उद्यापासून इथे दिसायला नको.”

“का?”

“चारचौघांत मालकाला बोलते.”

“तुम्हीच बोल म्हणालात.”

“म्हणायची एक पद्धत असते. ती तुम्हाला कळायला हवी आणि तुम्ही त्यांना शिकवायला हवी.”

“कुटुंब म्हणालात ना? कुटुंबातून माणूस काढत नसतात.” मग भडकासाहेबांचा तो नेहमीचा चढा आवाज, “ती राहील. मी जातो!”

“ठीक आहे,” मालक म्हणाले. इतकं पटकन म्हणाले की मला तेव्हाच कळलं, त्यांना हवं तेच मिळालं होतं. एका बाईला काढून काय होणार होतं? बोलायची सवय लावणारा माणूस आपल्या पायांनी चालला होता.

साहेबांनी दुपारी इंजिन थांबवून सगळ्यांना सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता, तो मला दिसला आणि आवडला नाही. बाया रडू लागल्या. अंजनाबाई मात्र भडकली.

“तुमी आमाले इचारलं काहून नाई?”

“तुही रोजी वाचली ना?”

“म्या दुसऱ्या जिनात गेली असती. सरकी येचली असती. माह्या एकटीचं गेलं असतं साहेब, तुमी त सगळ्यायचं नेलं! दर हप्त्याले इचारता, आन् आजच कायले नाई इचारलं?”

ते खाली मान घालून उभे राहिले. संध्याकाळी वळकटी बांधून रिठदच्या गाडीने गेले.

नवा मॅनेजर आला तो साखरेचा. ‘ताई’, ‘माई’, ‘अक्का’. कधी आवाज चढवला नाही. पोरांची नावं त्याला पाठ होती. संक्रांतीला त्याने बायांना तिळगूळ वाटला, आणि त्याच आठवड्यात पट्टा पाहून हाक मारणाऱ्या एका म्हातारीला, “माई, उगाच घाबरवता तुम्ही लोकांना,” असं गोड आवाजात सांगून तिची अर्धी हजेरी कापली. त्यानंतर जिनात हाक ऐकू आली नाही. जाळी तर आलीच नाही.

पुढच्या हंगामात अंजनाबाईचा पदर पट्ट्यात गेला आणि पदरामागून उजवा हात गेला. कोपरापासून.

मी सायकल टाकून एस.टी.ने रिठदला गेलो. साहेब खळ्यात तूर झोडपत होते. त्यांना सांगताना मी जराही सांभाळून घेतलं नाही. मालकाचा राग होता, त्या गोडबोल्याचा होता, आणि यांचाही होता, भरपूर होता. असलं बाणेदार निघून जाणं ज्याच्या घरी तूर आहे त्यालाच परवडतं. त्यांनी सदरा चढवला आणि माझ्याबरोबर निघाले.

अंजनाबाई घरासमोर बाजेवर बसली होती. थोटा हात लुगड्याखाली झाकलेला. साहेब समोर जमिनीवर बसले. त्यांनी विचारलं, “पट्टा सैल झालता ते कोनाले दिसलं नाई काय?”

“मले दिसलं होतं,” ती म्हणाली. “सकाळपासून फडफडून राह्यला होता. तुमी असते त तुमच्या नावानं बोंबलली असती. त्याच्या नावानं कायले बोंबलू?”

मी साहेबांची समजूत घातली नाही.