पाट्यांचे मामा

“बंद म्हणा, माणसं रांग लावतील. उघडं म्हणा, कुत्रंही फिरकायचं नाही.”

हे मामांचं रोजचं वाक्य. सकाळी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवताना म्हणायचे, रात्री हात चोळून रंग काढताना म्हणायचे. मामी ते ऐकून ऐकून विटली होती. देवानं या माणसाला एकच वाक्य दिलं आणि तेही उलटं, असं ती भांडी घासता घासता म्हणे, आणि ते मामांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे.

मामांचा धंदा पाट्या रंगवण्याचा. घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. भिंतीला टेकवलेले पत्रे, गोठलेल्या रंगांचे डबे, आणि मामीनं पुठ्ठ्यात कोरलेली अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी लटकलेली. अक्षरं कोरावी मामीनंच. मामांचा हात रंगात तरबेज, पण कात्री धरली की ‘क’ला पोट सुटायचं.

त्या वाक्याचा जन्मही एका पाटीतूनच झाला होता. बाजारामागं विजेच्या खोक्याची एक बुटकी खोली होती. वर्षानुवर्षं तिच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. मग तिच्यासाठी मामांकडून ‘प्रवेश बंद’ अशी पाटी रंगवून घेतली गेली. रंग वाळायच्या आत लोक भिंतीवरून माना उंचावून आत बघायला लागले. एकानं तर बायकोला खांद्यावर घेऊन दाखवलं. मामा शिडीवर उभे राहून हे बघत होते. त्या दिवशी त्यांना माणसाची जात कळली, असं ते म्हणत. मामी म्हणे, जात कळली ती ठीक, पण हसून सोडून द्यायची गोष्ट यांनी पोटाशी बांधली.

गावाबाहेरच्या टेकडीत जमिनीखाली एक जुनी पाण्याची टाकी होती. दगडी खांबांची, देवळाएवढी उंच, नवी पाइपलाइन आल्यापासून कोरडी ठाक. शेळ्या दुपारच्या उन्हाला आत येऊन बसत. मामांची भाची, म्हणजे मामीच्या वारलेल्या नणंदेची मुलगी, लहानपणापासून याच घरात वाढलेली. ती त्या टाकीत जाऊन गायची. एक सूर सोडला की टाकी तो अंगाखांद्यावर खेळवून, मोठा करून परत द्यायची. पोरीचा गळा खरा होता. मामीनं तिचं तोंडभरून कौतुक कधी केलं नाही. भाची गायला लागली की ती फक्त नळ बंद करायची.

टाकी बघून मामांचं डोकं चाललं. त्यांनी टेकडीभोवतीच्या तारेवर पाट्या लावल्या. ‘प्रवेश निषिद्ध’. ‘पुढे धोका’. ‘जीवितास धोका’. एकीवर कवटी काढली, तिला मामांच्या हातून चुकून हसू आलं होतं. मग त्यांनी शहरात आवई उठवली की एक मनाई असलेली जागा आहे, आणि तिथं नेणारा माणूस एकच आहे.

रविवारी माणसं यायला लागली. डोंगर चढायचे बूट, कपाळावर दिवे, पाठीवर दोरखंड. वाळवंट ओलांडायला निघाल्यासारखी नळीतून पाणी पीत यायची. मामा त्यांना उत्तरेच्या बाजूला न्यायचे. तिथं तारेला एक भोक होतं, ते मामांनीच पकडीनं पाडलेलं. त्यातून सगळ्यांना कोपरांवर सरपटायला लावायचे आणि ओठांवर बोट ठेवून सांगायचे की पहारा बदलतोय, श्वाससुद्धा जपून घ्या. पहारा म्हणजे एक मेंढपाळ. तो काडी चघळत या सरपटणाऱ्या कारकुनांकडं आणि डॉक्टरांकडं बघत उभा असायचा. दक्षिणेला फाटक होतं आणि ते सताड उघडं होतं. त्यातून शेळ्या जात, येत. पण चालत आत जाण्यात कसली आलीय मर्दुमकी?

सरपटून, गुडघे फोडून ही मंडळी टाकीत उतरली की आत वादक आधीच बसलेले. ते फाटकानं आले होते, खुर्च्या आणि चहाची किटली घेऊन.

या वादकांचं काय सांगावं. मामा त्यांना ‘स्वतंत्र कलावंत’ म्हणत. लग्नात वाजवायचं नाही, हॉटेलात वाजवायचं नाही, सिनेमावाल्यांच्या दारात उभं राहायचं नाही, असा मामांचा दंडक. मामीचा हिशोब सोपा होता. ज्याला कुणी बोलावत नाही तो स्वतंत्र. ड्रमवाल्याचा ठोका कधीच जागेवर पडत नसे, त्याला तो मुक्त लय म्हणे. गिटारवाला डोळे मिटून वाजवायचा, म्हणून समोरचा उठून गेलेला त्याला कळायचा नाही. नाचता येईना अंगण वाकडं अशी ही पंगत, आणि जेवायला सगळे मामीच्या घरी. सहलीतून जे मिळायचं ते यांच्या तारांवर, ड्रमच्या कातड्यांवर आणि पोटावर जायचं. घरच्या पंख्याचं एक पातं मात्र तुटलेलं ते तुटलेलंच.

मामांचा या लोकांवर जीव का, हे मामीला ठाऊक होतं. तरुणपणी मामा अग्निशामक दलाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. बँडमास्तरच्या काठीकडं बघायचं नाही म्हणून अडून बसले, आणि एका संचलनात सगळा बँड उजवीकडं वळला तेव्हा हे एकटे वाजवत सरळ गेले. त्यांना काढून टाकलं. तेव्हापासून कुणाच्या काठीकडं न बघणारा प्रत्येकजण त्यांना थोर वाटायचा, आंधळा असला तरी.

त्या सगळ्या कळपात गाणं एकच, भाचीचं. आणि तीच एक दिवस म्हणाली की तिला हॉटेलात नोकरी लागलीय. संध्याकाळी जेवणघरात गायचं, मॅनेजर सांगेल ती गाणी.

मामांनी ब्रश डब्यात आपटला. ढेकरांना ताल द्यायला चाललीस, म्हणाले. पोपट आणि तुझ्यात फरक एवढाच की पोपटाला पेरू तरी मिळतो. भाचीही त्यांच्याच रक्ताची. ती म्हणाली, तुमचे स्वतंत्र लोक मामीच्या ताटावर स्वतंत्र आहेत, मला माझं ताट हवंय. मग मामा जे बोलले ते मामीच्या कानात फार दिवस राहिलं. टाकीत पाऊल ठेवायचं नाही, ती जागा विकल्या गेलेल्यांसाठी नाही. पोरगी ट्रंक उचलून हॉटेलजवळच्या एका मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. त्या दिवसापासून घरात नळ उगाच वाहत राहायचा.

टेकडीच्या पलीकडच्या अंगाला खाण होती, बरीच वर्षं बंद पडलेली. नव्या रस्त्याला खडी हवी म्हणून ती सुरू झाली. सुरुंग उडायचे तेव्हा मामांच्या पुढच्या खोलीतले पत्रे किणकिणायचे. मधल्या वारी मामी टाकीत सतरंज्या आणायला गेली. सतरंज्यांवर पीठ चाळल्यासारखी पांढरी भुकटी होती. तिनं वर बघितलं. मधला खांब उभा चिरला होता. तिनं चिरेत हात घातला तर मनगटापर्यंत गेला. ती सतरंज्या तिथंच टाकून, किटली तिथंच ठेवून परत आली.

मामा आधी हसले. मग जाऊन बघून आले आणि पुढच्या खोलीत खाली बसले. मग एक कोरा पत्रा पुढ्यात ओढला.

पण लिहायचं काय? धोका लिहून झाला होता. जीवितास धोका लिहून झाला होता. कवटी काढून झाली होती आणि ती हसत होती. माणसानं सगळे शब्द खोट्याच्या बाजारात उधळून टाकले होते, खऱ्यासाठी एकही शिल्लक ठेवला नव्हता. शेवटी त्यांनी तांबड्या रंगात लिहिलं: ‘खरंच धोका’. जाऊन तारेवर लावून आले.

ती पाटी कुणी बघितली, कुणास ठाऊक, पण फोन वाजायला लागला. सहलवाल्यांचा म्होरक्या एक विमा एजंट होता. आठवडाभर लोकांना मरणाची भीती विकायचा आणि रविवारी स्वतःचा जीव फुकटात उधळायला यायचा. मामांनी त्याला बजावून सांगितलं की सहल रद्द, खांब फुटलाय. तो फोनवर खो खो हसला. ‘खरंच’ हा शब्द काय सुचलाय मामा, मानलं तुम्हाला, म्हणाला. त्या रविवारसाठी त्यानं नेहमीपेक्षा दुप्पट माणसं जमवली.

मामा नगरपालिकेत गेले. तिथला बाबू कान कोरत म्हणाला की त्या टेकडीवर तर जागोजाग पाट्या आहेत, पालिकेनं अजून काय करायचं? त्या पाट्या कुणाच्या, हे सांगायला मामांची जीभ उचलली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. ते परत आले.

खांब फुटलाय, टाकीत जाऊ नकोस, असा भाचीला निरोप पाठवला तो ड्रमवाल्याबरोबर. तो अर्थातच उशिरा पोहोचला. भाचीनं उलटा निरोप दिला. मामांना सांग, टाकी त्यांच्या वडिलांची नाही. पाट्यांचा खेळ मी जन्मापासून बघतेय. रविवारी मला सुट्टी असते, मी येऊन गाणार.

ते ऐकल्यावर मामांच्या तोंडचं पाणी पळालं. सहलवाल्यांपैकी कुणाचं टाळकं शेकलं असतं तर मामीनं फार तर चूल विझवून बघायला जायचं. पण पोरगी हट्टी होती, आणि तिला असं वाटत होतं की हा सगळा तिच्या हॉटेलवरचा राग आहे. मामा पुढच्या खोलीत येरझारा घालायला लागले. आणखी मोठी पाटी करू म्हणाले. दोन कवट्या काढू म्हणाले.

“अहो, बसा खाली,” मामी म्हणाली. “आयुष्यभर एक वाक्य बडबडलात, त्याचा अर्धा भाग अजून वापरलाच नाही तुम्ही.”

तिनं पुठ्ठा घेतला आणि कात्री घेतली. हिरव्या रंगाचा डबा कधीच संपत नसे, कारण हिरवं कुणाला नकोच असायचं. तो तिनं फोडला.

रविवारी सकाळी वादकांना घरीच ठेवून मामा-मामींनी जुन्या पाट्या उपटून फाटकाशी ढीग घातला आणि तारेच्या भोकापाशी मामीची पाटी ठोकली. ‘नियोजित उद्यान. सर्वांना मुक्त प्रवेश. लहान मुले व ज्येष्ठ नागरिक यांचे स्वागत. बाके लवकरच.’

सहलवाल्यांची गाडी आली. कपाळावरचे दिवे पेटवून मंडळी उतरली आणि पाटीसमोर उभी राहिली. वाचता वाचता चेहरे असे पडले की जणू घरचं कुणी गेलं. विमा एजंटानं पाटी दोनदा वाचली, कपाळावरचा दिवा काढला आणि खिशात घातला.

“म्हाताऱ्या-कोताऱ्यांत फिरायला एवढ्या लांब यायचं?” तो म्हणाला.

एकीनं विचारलं की निदान सरपटून तरी आत जाता येईल का. मामी म्हणाली, जा की, पण पलीकडं दक्षिणेला फाटक उघडंच आहे. मग कुणी थांबलं नाही. दोरखंड परत गाडीत टाकले आणि गाडी उतारानं खाली गेली. मामी तिच्या पाठीमागं बघत म्हणाली, मरायला तयार होते मेले, बाकावर बसायला नाही.

भाची मात्र बाकावर रुसणारी नव्हती. ती दक्षिणेच्या वाटेनं आली. पायवाटेवर तिची सावली दिसली तसे मामा धावत जाऊन फाटकात आडवे झाले. बाजूला पाट्यांचा ढीग बघून ती हसली. आता उलटा खेळ का, म्हणाली. मामी म्हणाली, पोरी, मी स्वतः हात घालून बघितलाय. पण भाचीचे डोळे मामांवर होते. मामी या माणसाची बाजू घेते हे तिला माहीत होतं, तोंडानं कितीही फाडून खाल्लं तरी.

“सरका मामा. मी हॉटेलात गाते म्हणून टाकी मोडली का?”

मामा धोका म्हणायला गेले असतील, पण तो शब्द त्यांच्या तोंडात पोकळ झाला होता. खाली गवतात वारा सरकत गेला. एक शेळी फाटकापाशी आली, मामांना हुंगून परत वळली. मग मामा हळूच बोलले.

“हॉटेलात गा. रोज गा. मी येईन. पुढच्या टेबलावर बसेन, जेवेन, मॅनेजर सांगेल ते गाणं ऐकेन आणि टाळ्या वाजवेन. पण आत जाऊ नकोस.”

भाची जागच्या जागी थांबली. मामा कुठलंही खोटं बोलतील, टेकडीवर वाघ सोडलाय म्हणतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण हॉटेलात जेवायला बसेन आणि टाळ्या वाजवेन, हे त्या तोंडातून खोटं म्हणूनसुद्धा निघालं नसतं. तिनं टाकीच्या काळ्या दाराकडं एकदा बघितलं. मग वाकून फाटकाच्या गंजलेल्या गजांना हात घातला.

तिघांनी मिळून ते लोटलं. इतक्या वर्षांत ते कधी मिटलंच नव्हतं, बिजागऱ्या म्हातारीसारख्या कण्हल्या. मामांनी तार गुंडाळली, वर पाच-सहा पीळ दिले आणि मधोमध ‘खरंच धोका’ लटकवली. त्या पाटीनं जन्मात पहिल्यांदा खरं काम केलं. टाकी त्या दिवशी पडली नाही. पुढं एका कामाच्या दिवशी, सुरुंग उडाल्यावर बसली. आत कुणी नव्हतं. मामीची किटली मात्र गेली, आणि किटलीचं ती अजून बोलून दाखवते.

फाटक लावून झाल्यावर मामांनी उरलेल्या पाट्यांचा ढीग डोक्यावर घेतला. घरी न्या म्हणावं तर ते कुणाचं ऐकतील? उतारानं निघाले. भाची आणि मामी दगडावर बसून बघत राहिल्या. भाचीनं मामीला विचारलं, खरंच येतील का हॉटेलात? मामी म्हणाली, येतील, आणि सूप गार आहे म्हणून भांडतील.

खाली मोकळ्या माळाच्या कडेला सहलवाल्यांची गाडी अजून उभी होती. कुठं जावं हे ठरत नसावं. मामा तिच्याजवळून गेले, बोलले नाहीत, बघितलंसुद्धा नाही. माळाच्या मधोमध, जिथं ना भिंत, ना खड्डा, ना झाड, तिथं त्यांनी डोक्यावरची एक पाटी काढली, जमिनीत रोवली आणि तिच्याकडं पाठ करून चालू लागले.

“अगं बाई,” मामी म्हणाली.

माळावर कवटीची पाटी एकटीच उभी होती आणि हसत होती. गाडीचं दार उघडलं. एक दिवा पेटला, मग दुसरा. मग एकामागून एक सगळे गवतात आडवे झाले आणि कोपरांवर सरपटायला लागले. मामा पाट्यांचा भारा सावरत माळ ओलांडून गेले. त्यांनी वळून बघितलं नाही. मामी आणि भाची मात्र ते दिसेनासे होईपर्यंत बघत होत्या, आणि मेंढपाळही, काडी चघळत.