चोरीची जास्वंद

"मी बघत नाहीये हं!" असं जाहीर करून काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. समोर त्यांची लाल, दुहेरी पाकळ्यांची जास्वंद आणि कात्री तुमच्या हातात. मंडळी, अमेरिकेतल्या एडिसनमधल्या भल्या माणसांना घरी बोलावून चोरी शिकवणारी ही बाई मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

"दिलेली फांदी लागत नाही. चोरलेलीच लागते. आणि खबरदार थँक्यू म्हणालास तर!"

पहिल्या खेपेला सवयीने मी म्हणालो. फांदी आठवड्यात वाळली. काकूंना काय आनंद झाला!

ही जास्वंद काकांनी अमेरिकेत आल्या आल्या लावलेली. काका जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांनी लावलेलं ते झाड दर हिवाळ्यात घरात येई आणि दर उन्हाळ्यात अंगणात जाई. थंडीची चाहूल लागली की काकूंचा फोन. "उद्या झाडं आत घ्यायचीत. कंबर धड असलेला माणूस पाठव." मग मीच जाई. माझी कंबर गावात प्रसिद्ध आहे, पण फक्त घेरासाठी.

पुढच्या खोलीतला सोफा गॅरेजमध्ये जाई आणि खिडकीशी कुंड्यांचा दरबार भरे. जास्वंद मधोमध, बाजूला मोगरा, कढीपत्ता, आणि काचेच्या ग्लासांत मुळं फुटायची वाट बघणाऱ्या फांद्या. पाहुण्यांनी कानात शिरणारी मोगऱ्याची फांदी सांभाळत चहा प्यायचा. झाडांना पाणी कोमट आणि तेही बेतानंच. "झोपलेल्याला जेवायला उठवतात का?"

पार पश्चिम किनाऱ्यावरच्या क्युपर्टिनोहून मुलीचा फोन दर रविवारी यायचा. काकू तो मुद्दाम स्पीकरवर लावायच्या.

"आई, इकडे मूव्ह हो ना. एकटी काय करतेस तिथे?"

"अगं, झाडं आत आहेत."

उन्हाळ्यात म्हणायच्या, "अगं, झाडं बाहेर आहेत."

"आई, यार, ती प्लँट्स आहेत, पोलीस नाहीत!"

काकू माझ्याकडे बघून डोळा मारायच्या. हे घर सोडायचं नव्हतं त्यांना, आणि ते उघड म्हणायचं नव्हतं. म्हणून जास्वंद बोलायची.

मग मुलीला मुलगी झाली. बारशाला जाणं भाग होतं. ऐन जानेवारीत काकू गेल्या आणि नेमकं तेव्हाच त्यांचं इथलं घर गरम ठेवणारं फर्नेस बंद पडलं. परतल्यावर विमानतळावरून मीच त्यांना घरी आणलं. दार उघडलं तर आत बाहेरच्यासारखीच थंडी. जास्वंदीची पानं काळी पडून लोंबत होती. काकूंनी कोट न काढता नखानं फांदीची साल खरवडली. आत हिरवं असेल तर झाड जिवंत. तपकिरी निघालं. जरा खाली खरवडलं. तपकिरी. खरवडत खरवडत त्या मातीपर्यंत पोचल्या, आणि मग तिथेच जमिनीवर बसून राहिल्या.

मी त्यांना आमच्या घरी नेलं. आमच्या खिडकीत तीच जास्वंद, त्यांच्याकडून चोरलेली, चांगली कमरेएवढी झाली होती. त्यांच्या हातात कात्री दिली आणि भिंतीकडे तोंड करून नाटकी आवाजात म्हणालो, "काकू, मी बघत नाहीये हं!"

कात्रीचा आवाज येईना. वळून पाहिलं, तर काकू स्वेटरच्या बाहीनं पानांवरची धूळ पुसत होत्या.

"छान ठेवलीस," म्हणाल्या. "पण हिला काकांचा हात लागलेला नाही रे."

रविवारी फोन आला. मुलीनं नेहमीचं विचारलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. डोळा मारला नाही. "येते," म्हणाल्या.

उन्हाळ्याच्या आत घर विकलं गेलं.

पुढच्या हिवाळ्यात क्युपर्टिनोहून त्यांचा फोन आला. "अरे, इथे जास्वंद पार्किंगच्या कडेला असते. हिवाळ्यातही बाहेरच. कुणी ढुंकून बघत नाही, तरी फुलते मेली."

"मग बरंच की, काकू."

"बरं काय त्यात?" मग हळूच म्हणाल्या, "तिकडे बर्फ पडलाय का रे?"

बाहेर कोरडं, लख्ख ऊन होतं.

"पडलाय म्हणजे काय! दार उघडत नाहीये."

"असं?" त्यांच्या आवाजात जरा जीव आला. "मग? गाडी निघते का?"

"कुठली गाडी, काकू! गाडी दिसतच नाहीये," मी म्हणालो, आणि त्यांनी फोन ठेवेपर्यंत बर्फ पाडत राहिलो.