शेणखताच्या राशीवरचा पंजा

आमच्या घरात विश्वास ठेवायची पद्धत नाही. माझे आजोबा खळ्यावर ज्वारीची रास पडली की तिच्यावर राखेनं पंजाचे ठसे उमटवत. कोणी पसाभर जरी नेली तरी ठसा मोडायचा आणि चोर (बहुतेक वेळा कोंबडी) सापडायचा.

परसाल माझ्या बायकोनं, मंदानं, बचतगटासाठी शेणखताचे दाणे करायचं यंत्र आणलं आणि ते चालवायला उमरखेडहून आपल्या भावाला, गजूला, बोलावलं. कुजलेलं खत वाळवून दळायचं, चाळायचं, तिरप्या फिरत्या थाळीत टाकायचं आणि वरून गुळाचं पाणी फवारायचं. थाळी गरगरते आणि भुकटीचे ज्वारीएवढे दाणे होतात. डोळ्यांनी पाहूनही मला पटेना. शेण इतकं देखणं दिसतं म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच.

थाळीतून निघालेला माल मी काट्यावर घातला, पाच क्विंटल. शेडमध्ये वाळवून पुन्हा घातला तर चार! शेडच्या चाव्या दोन, एक माझ्याकडे आणि एक गजूकडे.

पुढच्या राशीवर मी गुपचूप राखेचा पंजा उमटवला. दोन दिवसांनी पाहतो तर पाचही बोटं फाटलेली.

"गजू, खत कोठी गेलं?"

"कोठी जाईन? इथंच हाये."

"मंग हा ठसा काहून मोडला?"

गजूनं हातातली चाळणी खाली ठेवली. "भाऊजी, तुमी मले चोर समजून राह्यले?"

इथं 'नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "मी काही नाही म्हणून राह्यलो. ठसा म्हणून राह्यला."

गजूनं पिशवी उचलली आणि फाट्यावर एसटीची वाट पाहत जाऊन बसला.

मंदा वावरातून आली. सगळं ऐकून शांतपणे म्हणाली, "अहो, गोवरी थापताना जड राह्यते ना? अन् वाळल्यावर?"

"हलकी."

"मंग ते पाणी कोण चोरते, गजू? दाणे वाळले, रास आकसली, ठसा फाटला. जन्म गेला तुमचा शेणात, अन् एवढं नाही समजत?"

पेरणी तोंडावर आली होती. अर्ध्या गावाला खत कबूल केलेलं, आणि यंत्र जाणणारा एकटाच, तोही फाट्यावर. म्हटलं, त्यात काय एवढं, आपणच चालवू. फवारा जरा जास्त झाला. दाणे बोराएवढे झाले, मग लिंबाएवढे, मग थाळीच बंद पडली.

मंदानं एक गोळा उचलून पाहिला. "हे पेराचे हायेत का लोकाईले फेकून माराचे?"

मी फाट्यावर गेलो. एसटी अजून यायचीच होती. चारचौघांत म्हणालो, "गजू, चुकलो. चाल घरी." मला खरंच लाज वाटत होती. तो आला, चुलीपाशी बसून चहा प्याला आणि उठताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जाऊ द्या, भाऊजी." किती मोठ्या मनाचा माणूस, असं म्हणत मी गूळ आणायला नेरच्या बाजारात गेलो.

बाजारभर लोक माझ्या पाठीकडे पाहून हसत होते. घरी येऊन सदरा काढला, तर मधोमध राखेचा पंजा.

मंदानं तो निरखून पाहिला. "जशाचा तसा हाये," ती म्हणाली. "पण अंदर काही असन तवाच चोरीले जाईन ना."