मामांचं बेट, व्हाया मुंबई

कॅरिबियन समुद्रातल्या एखाद्या निवांत बेटावर कसं जावं, हे आमच्या कामगार-कॅम्पातल्या एसीवाल्या मामांइतकं अख्ख्या सौदी अरेबियात कुणालाच ठाऊक नव्हतं. जेद्द्याहून मुंबई, मुंबईहून लंडन, लंडनहून बार्बाडोस, तिथून छोट्या विमानाने सेंट व्हिन्सेंट आणि तिथून पुढे बोट. गुहागरच्या एसटीचे थांबे सांगावेत तसे ते हे सगळं घडाघडा सांगत. फक्त दर सुट्टीत मामा बेटाकडे निघत आणि गुहागरला पोचत. असं का होतं, हे आम्हाला कधी नीटसं कळलं नाही आणि मला वाटतं, मामांनाही नाही.

हे खूळ लागलं एका इंग्रज इंजिनियरच्या बंगल्यात. मामा एसीत गॅस भरायला गेले होते. भिंतीवर ग्रेनेडीन्स नावाच्या बेटांचा फोटो होता: पांढरी वाळू, निळं पाणी आणि दोन रिकाम्या खुर्च्या. "हू सिटिंग?" मामांनी विचारलं. साहेब म्हणाला, "नोबडी." झालं, मामा त्या एका शब्दावर लट्टू झाले. आता खरं तर मामांना शांततेची ॲलर्जीच. खोलीत कुणी गप्प बसलं की "ताप आलाय काय?" म्हणून कपाळाला हात लावत. नमाजासाठी दुकानं बंद झाली की तेवढ्या वेळात फुटपाथवर दोन बंगाल्यांशी नि एखाद्या सुदान्याशी दोस्ती करून येत. अशा माणसाला ओसाड वाळू कशाला हवी? एकदा मी विचारलंच. मामा जरा घुटमळले. "मामीला न्यायचंय रे. लग्न झाल्यापासनं आम्ही दोघंच अशी कुठं बसलोच नाय. फोनवर आईचं औषध नि पोराची फी होईस्तो कार्ड संपतं. सुट्टीत गेलो तर अख्खा गाव ओटीवर नि ती चुलीपाशी. जिथं ओळखीचं कोण येणार नाय, तिथं बसून बोलायचंय." मामांचा आवाज इतका खाली गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मला फार वाईट वाटलं आणि त्यानंतर बेटाची थट्टा मी जरा बेतानेच करू लागलो.

जेद्द्याच्या शराफिया बाजारातल्या मल्याळी तिकीटवाल्याचं डोकं मात्र त्यांनी पार फिरवलं. "मामा, आपको पश्चिम जाना है, मुंबई पूरब में है," तो बिचारा नकाशा पुढे सरकवी. मामा त्याच्याकडे दयेने पाहत. "मामी को लेना है ना! और मुंबई उतरे बिना छुट्टी कैसा?" शेवटच्या बेटापर्यंतही विमान जातं, असं त्याने सुचवलं, तर मामा चक्क रागावले. बोटीशिवाय बेट म्हणजे काय! कठड्याला धरून मामी उभी आहे, पदर वाऱ्यावर उडतोय, हे त्यांनी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिकीटवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "ये आदमी जाता किधर है?"

आणि निघायची वेळ आली की कॅम्पातले लोक आपापली पार्सलं घेऊन हजर. "मामा, बेटावर चाललाय ना? मग वाटेत एवढं चिपळूणला द्या." मामांच्या तोंडून नाही हा शब्द निघत नसे. एका वर्षी गावी न्यायच्या खोक्याच्या तळाशी मामांची पोहायची चड्डी आणि काळा चष्मा, नि वर दूध पावडरचे डबे, ब्लँकेटं आणि कुणाच्या तरी बहिणीच्या रुखवतातला मिक्सर. ज्याचं त्याला पोचवता पोचवता, घरोघरी चहा पिता पिता सुट्टी खलास. परत आले की म्हणत, "ह्या टायमाला नाय जमलं. बेट कुठं पळून जातंय?"

पुढे मामा नोकरी सोडून कायमचेच गावी गेले. बऱ्याच महिन्यांनी एका शुक्रवारी दुपारी मी फोन केला. "बरं हाय रे," मामा म्हणाले. "आई गेली, पोरगा पुण्यास. आता सौदीचा खोका नाय, तर माणसं तरी कशाला येतील?"

"मग झालं की तुमच्या मनासारखं. दोघंच आहात."

"तेच तर. समोरासमोर बसतो नि रस्त्याकडं बघतो. जायचं कसं ते सगळं पाठ हाय मला. पोचल्यावर बोलायचं काय, ते कुणाला विचारू?"

तेवढ्यात मागून मामींचा आवाज आला, "त्या बेटाचा फोन असेल तर सांगा, मला बोट लागते. बसल्या बसल्या उलटी होते."

मग मामांचा गोंधळलेला आवाज, माझ्याशी नव्हे: "तुला बोट लागते? कधीपासनं गं?"

"लहानपणापासनं. दाभोळच्या खाडीत एकदा काय झालं, मी नि माझी आत्या..."

मामा फोन ठेवायचं साफ विसरले होते. मी थोडा वेळ ऐकत राहिलो. मामींची होडी अजून खाडीच्या मध्यावरही आली नव्हती आणि मामा सारखे विचारत होते, "मग? मग काय झालं?" मी हळूच फोन ठेवला.