ज्योतीरामचा नवा आवाज

घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्योतीरामचा आवाज गेला, तो कायमचा. मूळचा धाराशिवकडचा हा माणूस चाकणच्या एका कंपनीत स्टोअरचा काउंटर सांभाळायचा. गाडी आली की माल कुठं उतरवायचा, कुठला कागद कमी आहे, सगळं ओरडूनच सांगावं लागे. साहेब म्हणाले, "आत पॅकिंगला बस, तिथं बोलावं लागत नाही." ज्योतीरामनं पाटीवर लिहिलं, 'काउंटर सोडणार नाही.'

पण पाटीवर लिहून होईपर्यंत ड्रायव्हर हॉर्न वाजवत सुटायचे.

त्याची मुलगी दिव्या आकुर्डीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मराठीत टाइप करायचं, की लॅपटॉप ते बोलून दाखवायचा. मात्र तो सुरू करायला काळी खिडकी उघडून आज्ञा टाइप कराव्या लागत. शिवाय प्रोग्रॅमला लागणारं जे जे तिनं आपल्या लॅपटॉपवर टाकलेलं होतं, त्यातलं काहीच कंपनीच्या कॉम्प्युटरवर नव्हतं.

"माझा लॅपटॉपच नेत जा ना, पप्पा."

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि लिहिलं, 'एक क्लिक केलं की बोलला पाहिजे. कुठल्याही कॉम्प्युटरवर. तू नसताना.'

दिव्यानं मग सगळं गोळा करून त्याचं एकच ॲप्लिकेशन बनवलं. तिच्याकडं ते झकास चाललं. खात्री करायला दोघं पेन ड्राइव्ह घेऊन शेजारच्या पूनमच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. क्लिक केलं. खिडकी लुकलुकली आणि गायब झाली. पुन्हा तेच.

"परीक्षा झाल्यावर बघते," दिव्या रडवेली होऊन म्हणाली.

ज्योतीराम खुर्चीवरून हलला नाही. त्यानं कीबोर्ड तिच्यापुढं सरकवला.

तिनं तेच ॲप्लिकेशन काळ्या खिडकीतून चालवलं. आता चूक काय ती वाचता आली : आवाजाची फाइल सापडत नाही. "अगं बाई! आवाज माझ्याच लॅपटॉपवर राहिला की!" घरी प्रोग्रॅमला ती फाइल आपसूक मिळत होती, त्यामुळं ती आत घालायचं राहूनच गेलं होतं. दिव्या घरी पळाली, ॲप्लिकेशन नव्यानं बांधून परत आली. या वेळी खिडकी टिकली. ज्योतीरामनं एकेक अक्षर शोधत टाइप केलं आणि कॉम्प्युटर बोलला, "पूनमताई, चहा सांगा." पूनम दचकलीच.

कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या निरंजननं ते तपासलं आणि काउंटरवर बसवून दिलं. आवाज सपाट होता, स्टेशनवरच्या घोषणेसारखा. विक्की ड्रायव्हर खो खो हसायला लागला. ज्योतीरामनं शांतपणे बटणं दाबली.

"हसून झालं असंल तर गाडी मागं घे. रस्ता अडलाय."

विक्कीनं मुकाट्यानं गाडी मागं घेतली. कितीतरी दिवसांनी ज्योतीरामला कुणाला तरी दमात घेता आलं होतं, आणि त्याचा ऊर भरून आला. साहेबांनी पॅकिंगचा विषय पुन्हा काढला नाही.

घरी आल्याआल्या त्यानं दिव्याला नवं काम सांगितलं. टाइप करण्यात वेळ जातो. 'थांब' म्हणायला एक मोठं लाल बटण पाहिजे.

"उद्या केलं तर चालेल?"

त्यानं लॅपटॉप उघडून तिच्यापुढं ठेवला.