मार्लूसच्या गोळ्यांची गोष्ट

आमच्या हॉलंडात वाढदिवसाला लेकीचं अभिनंदन करतात, तसंच तिच्या आईचंही. माझी शेजारीण आल्त्ये कपडे शिवायची. तिचे गर्भ टिकत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मार्लूस झाली. दर वाढदिवसाला आल्त्ये ही गोष्ट सांगायचीच. आम्ही वैतागून म्हणायचो, "पुरे गं बाई, पाठ झाली!"

विसाव्या वर्षी मार्लूसच्या योनिमार्गात ग्रंथींचा कॅन्सर निघाला. एवढ्या लहान वयात तो सहसा होत नाही. डॉक्टरांनी आल्त्येला विचारलं, "ही पोटात असताना गर्भ टिकायच्या गोळ्या घेतल्या होत्या?"

"घेतल्या तर! एकही चुकवली नाही," आल्त्ये कौतुकाने म्हणाली.

मग त्यांनी तिला सांगितलं, की हा कॅन्सर त्या गोळ्यांमुळेच. मार्लूसचं गर्भाशयही काढावं लागलं.

पुढच्या वाढदिवसाला आम्ही नेहमीसारखे गोल करून बसलो. रीत म्हणून प्रत्येकाने आल्त्येचा हात हातात घेतला. "लेकीबद्दल अभिनंदन." "आभारी आहे," ती दर वेळी म्हणाली. हात गार होता.

कॉफी संपली.

"आई," मार्लूस म्हणाली, "यंदा माझी गोष्ट नाही सांगितलीस?"

आल्त्येने कापलेला केक पुन्हा कापायला घेतला.